उलटा पीळ

१

१९९४ सालचा जानेवारी होता आणि थंडी ऐन भरात होती. सकाळी खाडीवर धुकं असं बसायचं की शेडसमोरची उतरण दिसायची, पण ती जिथे संपते ते पाणी दिसायचं नाही. नुसतं ऐकू यायचं.

त्या रविवारी मिस्त्री शेड बंद करून लेकीकडे राहायला जाणार होता. होडीच्या मागे लावायची इंजिनं दुरुस्त करण्यात त्याचं आयुष्य गेलं होतं. सगळे त्याला मिस्त्रीच म्हणत. बायको होती, तीही मिस्त्रीच म्हणायची. ती गेल्यापासून तो शेडमागच्या खोलीत एकटा राहत होता. एकटं राहण्याचं आपल्याला काही वाटत नाही, असं तो सांगायचा. कोणी विचारलं तर. कोणी विचारत नव्हतं.

गिऱ्हाइकांची इंजिनं परत गेली होती. हत्यारं पेटीत भरून झाली होती. भिंतीच्या पत्र्यावर पान्यांच्या जागा तेवढ्या उरल्या होत्या, काळ्यावर पांढऱ्या. बुधवारी दुपारी तो मोकळ्या टेबलापाशी चहा पीत बसला होता, तेव्हा वाळूवाला आला. हा बोटीने खाडीतली वाळू उपसायचा. अंगाने आडवा आणि तोंडाने त्याहून आडवा. त्याच्या मागे दोन गड्यांनी चिखलाचा एक लांबट गोळा उचलून आणला होता.

"मिस्त्री, जाता जाता एक पेशंट तपासा."

"दवाखाना बंद झाला."

"नाडी तरी बघा! खाडीच्या जुन्या तोंडाशी उपसत होतो, तर वाळूऐवजी हे साहेब बादलीत बसून वर आले. भंगारात घालणार होतो. मग म्हटलं, तुमच्या ओळखीचं निघायचं. तुमच्याच वयाचं दिसतंय."

"तुझ्या बोटीला वंगण लागत नाही वाटतं. सगळं जिभेलाच वापरतोस."

गडी हसले. मिस्त्री उठला आणि अंगठ्याने चिखल खरवडला. आतून इंजिन वळवायचा दांडा निघाला. तो दांडा उलट्या बाजूला बसवलेला होता. डाव्या हाताने होडी हाकणाऱ्या माणसाला सोयीचा.

असं इंजिन सगळ्या खाडीत एकच होतं. तो दांडा मिस्त्रीने स्वतः फिरवून बसवला होता.

पेटी उघडून त्याने इंजिनाचा, पाणी मागे लोटणारा, एक नवा पितळी पंखा काढला आणि वाळूवाल्याच्या हातात दिला.

"अहो, भंगाराच्या बदल्यात पंखा? मी तर फुकट देत होतो."

"फुकटचं मी काही ठेवत नाही. घे आणि नीघ."

ते गेल्यावर मिस्त्रीने पिंपात नळाचं गोडं पाणी भरलं आणि इंजिन तसंच चिखलासकट आत उभं केलं. बुडालेलं इंजिन वर आलं की त्याला वारा लागू द्यायचा नसतो. वारा लागला की गंज धावत येतो. धुवायला हात मोकळे होईपर्यंत त्याला पाण्यातच ठेवायचं. पाण्यातून काढून पाण्यातच ठेवायचं, याचं नवख्या माणसाला हसू येतं.

इंजिन आत गेलं तेव्हा चार मोठे बुडबुडे आले. मग बराच वेळाने एक आला.

२

ते इंजिन डावऱ्याचं होतं.

तरुणपणी दोघंही मासे धरायचे. दोघांच्या दोन होड्या, दोन इंजिनं आणि ही एक शेड. दोघांनी मिळून बांधलेली. इंजिन ठेवायची लाकडी घोडीही दोघांनी मिळून केली होती. तिचा एक पाय आखूड झाला, तो कोणामुळे यावर दोघं जन्मभर भांडले.

त्यांचा एक नियम होता. आपलं इंजिन आपण धुवायचं नाही. डावऱ्याचं मिस्त्रीने धुवायचं, मिस्त्रीचं डावऱ्याने. पाळीपाळीने. धुणाऱ्याने सगळं खोलायचं, रॉकेलने जुनं ग्रीस काढायचं, पुसायचं, परत जोडायचं. पण वरच्या टोपाचा शेवटचा बोल्ट हातानेच लावून सोडायचा. त्याला पाना लावायचा तो मालकाने. मालकाने सगळं तपासायचं, मग तो बोल्ट आवळायचा. आवळला म्हणजे काम पसंत, पाळी फिटली. मग कोणी कोणाला काही बोलायचं नाही.

"स्वतःचं धुताना माणूस कोपरे सोडतो," डावऱ्या म्हणायचा. "दुसऱ्याचं धुताना लाज असते."

मिस्त्रीने डावऱ्याला बाकी सगळं माफ केलं होतं, चिंध्या सोडून. डावऱ्या चिंधी पिळायचा ती उलटी. सगळी माणसं पिळतात त्याच्या विरुद्ध. आणि ती झटकून वाळत घालायची सोडून तशीच, साप मेल्यासारखी, टेबलावर टाकायचा. मिस्त्री ती हातात घ्यायचा, नेहमीसारखी पिळायला जायचा, आणि ती पिळायच्या ऐवजी हातात उलगडायची.

मग एका वर्षी डावऱ्याने मिस्त्रीचं इंजिन धुतलं. आता मिस्त्रीची पाळी होती. पण त्याच आठवड्यात पंख्याचं पातं लागून मिस्त्रीचा उजवा हात फाटला. टाके पडले.

"राहू दे," डावऱ्या म्हणाला. "पाळी उधार. कुठे पळून चाललास?"

दुसऱ्या दिवशी तो धुक्यात गेला. होडी सापडली, जाळं आत नीट घडी घातलेलं होतं. इंजिन नव्हतं आणि माणूसही नव्हता. मिस्त्रीची लेक तेव्हा रांगत होती. आता तिची पोरं शाळेत जात होती. मिस्त्रीने आपली होडी विकली आणि तेव्हापासून लोकांची इंजिनं धुतली. किती धुतली त्याला गणती नव्हती. त्यातलं एकही त्या पाळीत धरता येत नव्हतं.

३

गुरुवारी सकाळी त्याने इंजिन पिंपातून काढून घोडीवर चढवलं. एकट्याला ते जड गेलं, पण त्याने बर्फवाल्याला हाक मारली नाही. बर्फवाल्याचा कारखाना शेजारीच होता आणि तो हाकेसरशी आला असता. तेच नको होतं.

आधी लाकडी पट्टीने चिखल काढला. मग ब्रशने. चिखल निळा, थंड, लोण्यासारखा होता. त्याखाली शिंपल्या असतील, गंज असेल, ॲल्युमिनिअमला पांढरी भोकं पडलेली असतील, अशी मिस्त्रीने मनाची तयारी केली होती. तसं काही नव्हतं. इंजिन घाण होतं, नुसतं घाण. एखाद्या हंगामात वापरून न धुतलेलं असतं तसं. तेल, काजळी, मळ.

चिखलात वारा लागत नाही, त्याने मनाशी म्हटलं. म्हणून टिकलं.

मग त्याने पंखा काढला. आत शाफ्टवर ग्रीस होतं. पिवळं. त्याने बोट फिरवलं आणि बोट तसंच धरून उभा राहिला.

जानेवारीत ग्रीस साबणासारखं घट्ट होतं. डब्यातलं ताजं ग्रीससुद्धा त्या सकाळी त्याने पट्टीने खणून काढलं होतं. हे मऊ होतं. नुकतंच कोणीतरी तळहातावर मळून लावल्यासारखं.

त्याने ते पुसून टाकलं. पूर्वीच्या मालातली गोष्ट वेगळी होती, असं म्हणाला. मोठ्याने म्हणाला. शेडमध्ये आवाज बरा वाटला.

"मिस्त्री! लेकीचा फोन!" बर्फवाला कुंपणावरून ओरडला. फोन त्याच्याकडेच होता.

मिस्त्री हात पुसत गेला.

"बाबा, रविवारी सकाळीच येते मी गाडी घेऊन. बॅगा किती आहेत?"

"एक."

"आणि ती हत्यारांची पेटी? ती नका हं आणू. इथे ठेवायला जागा नाही."

"बरं."

"रागावलात?"

"नाही. इंजिन धुतोय."

"आता कोणाचं इंजिन? सगळी परत दिली म्हणालात ना? बाबा, तुम्ही हल्ली विसरता."

"मी विसरत नाही," मिस्त्री म्हणाला आणि फोन ठेवला.

तो परत आला तेव्हा शेडमध्ये रॉकेलचा वास ताजा होता. खालच्या भांड्यात गिअरची चाकं धुऊन, निथळून ठेवली होती. ती त्याने अजून काढलीही नव्हती. टेबलाच्या कडेवर एक चिंधी पडली होती. पिळलेली.

त्याने ती उचलून पिळून पाहिली. चिंधी हातात उलगडली.

४

डावऱ्याची बायको मागच्या गल्लीत राहायची. भाच्याच्या घरात तिला एक खोली होती. मिस्त्री तिला वहिनी म्हणायचा आणि तिच्याकडे सहसा जायचा नाही. त्या दिवशी गेला.

वहिनी खिडकीशी बसून बटणं लावत होती. डोळ्यांनी कमी दिसायचं, पण बोटं चालायची.

"या भाऊजी. जाताय असं ऐकलं. पाया पडून घ्यायला आलात की रडायला?"

"दोन्ही नाही. त्याचं इंजिन सापडलंय."

सुई थांबली. मग पुन्हा चालली.

"मला नको ते."

"तुमचं आहे. धुऊन देतो. विका, नाहीतर काही करा."

"मला नको म्हटलं ना. माणूस सापडला असता तर ठेवून घेतला असता." तिने दोरा दातांनी तोडला. "धुतलंत?"

"धुतोय."

"इतक्या वर्षांनी? बरीच लांबली तुमची पाळी."

तिला पाळीचं माहीत होतं हे त्याला माहीत नव्हतं. मग त्याने खिशातून ती चिंधी काढून तिच्या मांडीवर ठेवली. का ठेवली ते त्याला सांगता आलं नसतं. वहिनीने ती चाचपली. दोन्ही टोकं धरली. तिचे हात तिला न विचारताच फिरले, उलट्या बाजूने, आणि चिंधी घट्ट झाली. तिच्या मुठीतून थेंबभर पाणी मांडीवर पडलं.

"हा पीळ कोणाचा?"

"माझाच."

"खोटं बोलू नका. ह्यांची धोतरं मी जन्मभर उलगडलीत." तिने चिंधी त्याच्याकडे परत टाकली, पटकन, चटका बसल्यासारखी. मग हात पदराला पुसत राहिली. "त्यांना कळलेलं दिसतंय तुम्ही चाललात ते."

"काहीतरीच बोलू नका, वहिनी. बर्फवाला चेष्टा करतो. नाहीतर मीच पिळली असेल आणि विसरलो असेन. लेक म्हणते मी विसरतो."

"असेल. तसंही असेल." तिने चाचपून सुई पुन्हा हातात घेतली. "लेकीकडे पोरं आहेत ना घरात?"

"दोन आहेत."

"मग जे काय आहे ते इथेच मिटवून जा, भाऊजी. बरोबर नेऊ नका."

५

शुक्रवारी त्याने आधी बर्फवाल्याला गाठलं.

"माझ्या शेडमध्ये येतोस का रे तू, मी नसताना?"

"कशाला? रॉकेल हुंगायला? माझ्याकडे बर्फाचा वास आहे, फुकट आणि थंड."

"चेष्टा नको. आलास का?"

बर्फवाल्याचं हसू उतरलं. "नाही हो. पण तुम्ही कोणाशी बोलत होता काल दुपारी? मला वाटलं गिऱ्हाईक आलंय."

"मी वहिनींकडे होतो काल दुपारी."

"मग आवाज तुमचा नव्हता तर," बर्फवाला म्हणाला आणि त्याने उगाच एका लादीवर भुसा सारखा केला. "एकाचाच येत होता. काय बोलत होता ते नाही कळलं. मोजत असल्यासारखं वाटलं."

मिस्त्री शेडमध्ये आला. दाराशीच थांबला.

टेबलावर वर्तमानपत्र अंथरलेलं होतं. त्यावर कार्ब्युरेटर खोलून मांडला होता. प्रत्येक भाग काचेसारखा स्वच्छ. मिस्त्री भाग मांडायचा ते डावीकडून उजवीकडे, ज्या क्रमाने निघाले त्या क्रमाने. इथे पहिला भाग उजव्या टोकाला होता. वर्तमानपत्राला कुठे तेलाचा डाग नव्हता. पाण्याचे होते. गोल, अंगठ्याएवढे.

त्याला भीती वाटली. पण भीतीच्या आधी, खरं सांगायचं तर, त्याला संताप आला.

"हे माझं काम आहे!" तो ओरडला. "ऐकतोस का? आपलं आपण धुवायचं नाही! नियम कोणाचा होता? तुझा होता!"

पत्र्यावर धुक्याचं पाणी जमून टपटपत होतं.

मिस्त्री स्टुलावर बसला आणि त्याने विचार केला. डावऱ्याला घाई झाली होती. रविवारच्या आत व्हायला हवं म्हणून तो स्वतःच कामाला लागला होता. पण मालकानेच आपलं इंजिन धुतलं, तर मिस्त्रीची पाळी कुठे गेली? ती कायमची अंगावर राहिली. मग ती घेऊन गाडीत बसायचं, लेकीच्या दारात उतरायचं. तिथे न्हाणीघर आहे, बादली आहे, दांडीवर पोरांचे कपडे आहेत. एका सकाळी लेक म्हणेल, हे फ्रॉक असे कोणी पिळले?

आणि मीच हे सगळं करत असलो तर? हातानेच करतोय आणि डोकं विसरतंय? मिस्त्रीने हाही विचार पुरा केला, अर्धा सोडला नाही. तसं असेल तरी करायचं ते एकच होतं.

तो उठला. जुन्या चिखलाची बादली अजून दाराशी होती. त्याने स्वच्छ कार्ब्युरेटरचा एकेक भाग उचलला आणि त्या चिखलात बुचकळला. भांड्यातून गिअरची चाकं काढली, त्यांना काळं ग्रीस फासलं. पिस्टन, नळ्या, झाकण, जे जे म्हणून दुसऱ्याने धुतलं असेल ते सगळं त्याने पुन्हा माखलं. इतकं नीट घाण त्याने कधी काही केलं नव्हतं. घाण करून होईपर्यंत दुपार टळली.

मग बाह्या सारल्या आणि पहिल्यापासून सुरुवात केली.

६

शुक्रवारची संध्याकाळ आणि शनिवारचा सगळा दिवस तो शेडमधून हलला नाही. पाव आणि चहा तिथेच. बर्फवाल्याने फोनसाठी हाक मारली, तेव्हा "सांग, कामात आहे" म्हणाला. झोपायला खोलीत गेला नाही. खाट दारात आणून आडवी टाकली आणि एक हात घोडीच्या पायावर ठेवून पडला, त्या आखूड पायावर.

डोळे इंजिनावर ठेवून काम करणं त्याला नवं नव्हतं. या वेळी ते सोपं नव्हतं. रॉकेलचं भांडं उचलायला वळलं की पाठीशी काहीतरी थांबल्यासारखं वाटायचं. वाजायचं काही नाही. उलट वाजणं थांबल्यासारखं वाटायचं. दोन माणसं एका टेबलावर काम करत असली, की एक वळल्यावर दुसरा हात आवरून जागा देतो. तसं.

मिस्त्री जागा देत नव्हता. कोपर पसरून काम करत होता.

शनिवारी दुपारी पिंपाचं पाणी काठोकाठ आलेलं त्याला दिसलं. त्याने भरलेलं नव्हतं. त्याने बोट बुडवून जिभेला लावलं. खारट. इंजिनातलं खारं पाणी उतरलं असेल पिंपात, तो म्हणाला. म्हणताना त्याला कळत होतं की पिंपभर पाणी खारट करायला इंजिनात पिंपभर पाणी असायला हवं. त्याने पिंप उतरणीवर लवंडून दिलं. पाणी खाली धावत गेलं आणि धुक्यात शिरलं. पुन्हा बघितलं तेव्हा पिंप कोरडं होतं, पण पिंपाभोवतीची जमीन ओली होती, दोन ठिकाणी, पावलांएवढ्या अंतरावर. कोणी उभं राहून निथळावं तशी.

त्याने नजर काढून घेतली आणि सोड्याचं पाणी गरम करायला ठेवलं.

काम मात्र चांगलं झालं. आजवर केलेल्या कामात सगळ्यात चांगलं. सोड्याच्या पाण्याने त्याने शेवटचा तेलकटपणा उतरवला, खाचांतून काडीला चिंधी गुंडाळून फिरवली, कोपरे सोडले नाहीत. लाज होती ना. झाकण इतकं घासलं की त्यात खिडकी दिसू लागली. चिंधी त्याने एकही पिळली नाही. वापरली की चुलीत टाकली.

संध्याकाळी जोडणी सुरू केली. टोप बसवला, एकेक बोल्ट समोरासमोरचा धरून आवळला. सगळ्यात शेवटी मागचा डावा बोल्ट राहिला. तो त्याने बोटांनीच फिरवला. बोटांना जेवढा आवळता येतो तेवढाच.

पाना त्याने घोडीच्या डाव्या बाजूला ठेवला. डाव्या हाताला सापडेल असा.

मग तो दारातल्या खाटेवर बसला आणि सकाळची वाट पाहू लागला.

७

रविवारी सकाळी धुकं शेडच्या आत आलं होतं.

मिस्त्रीने दाढी केली, धुतलेला सदरा घातला, बॅग दाराशी ठेवली. इंजिनाचं बाहेरचं झाकण तेवढं बाकी होतं. ते सगळ्यात शेवटी बसतं, बोल्ट आवळल्यावर. त्याने झाकण टेबलावर उभं केलं, स्टूल ओढलं आणि इंजिनाकडे पाठ करून बसला. मालक तपासत असताना तिकडे बघायचं नाही, हाही नियमच होता. हा मिस्त्रीने घातलेला होता.

"बघ," तो म्हणाला. "सावकाश बघ."

बराच वेळ काही झालं नाही. उतरणीखाली पाणी चुळबुळत होतं. मग ते चुळबुळणं थोडं जवळ आलं. मग शेडमध्ये आलं.

घोडीचा आखूड पाय टेकला, टक. कोणीतरी इंजिनावर भार दिला होता. इंजिन सुरू करायचा दोर जरासा ओढून सोडला गेला. पंखा बोटाने फिरवला गेला, आणि तो किती वेळ मोकळा फिरतो ते कोणीतरी ऐकलं. मिस्त्रीही ऐकत होता. पंखा छान फिरला.

मग पाना उचलल्याचा आवाज आला.

डावऱ्या बोल्ट आवळायचा तो एका दमात नाही. पाव फेरा, थांबायचं. पाव फेरा, थांबायचं. प्रत्येक थांब्याला डोकं तिरकं करून ऐकायचा. मिस्त्रीने समोर बघू नये म्हणून खाली बघितलं. मग बघायचं नव्हतं तेच त्याच्या हातून झालं. त्याने मान वर केली आणि समोर झाकण होतं, त्याने स्वतः घासलेलं, आरशासारखं.

झाकणाच्या बाकदार अंगात घोडी वाकडी दिसत होती. तिच्यावर एक हात होता. डावा. दिवसभर धुणं धुतल्यावर बोटं होतात तशी बोटं, पांढरी, सुरकुतलेली. फक्त धुणं एका दिवसाचं नव्हतं. हाताच्या वर जे होतं ते धुक्यात होतं, आणि ते तिरकं झालेलं होतं, ऐकत असल्यासारखं.

मिस्त्रीने डोळे मिटले.

शेवटचा पाव फेरा झाला. पाना ठेवला गेला. आता झाकण. ते मिस्त्रीच्या समोर होतं, आणि ते घ्यायला कोणालातरी त्याच्या खांद्यापाशी यावं लागणार होतं. पाण्याचे थेंब पडू लागले, आधी मागे, मग जवळ. मानेला गारवा लागला. चिखलाचा वास आला, निळ्या, लोण्यासारख्या.

मिस्त्रीने डोळे उघडले नाहीत. चाचपून झाकण उचललं, आणि न वळता, खांद्यावरून मागे धरलं. पूर्वी धरायचा तसं.

हातातलं वजन गेलं.

तो बसून राहिला. पूर्वी झाकण घेताना डावऱ्या त्याच्या पाठीत एक गुद्दा घालायचा. मिस्त्री पाठ ताठ करून थांबला होता, गुद्द्याच्या भीतीने की आशेने, ते त्याचं त्यालाच ठाऊक. गुद्दा बसला नाही. थेंब लांब गेले, उतरणीवर गेले.

बाहेर गाडीचं दार वाजलं.

"बाबा! अहो, किती हे धुकं! ड्रायव्हर तर पाण्यातच घालत होता आम्हाला." लेक आत आली. तिने त्याच्या कपाळाला हात लावून बघितला. "असे बसलात काय? आणि ही जमीन केवढी ओली!"

मिस्त्री उठला आणि मगच वळला. घोडी रिकामी होती. पाना डाव्या बाजूला होता, ओला.

तेवढ्यात खाली पाण्यावर एक इंजिन सुरू झालं. दोराच्या पहिल्याच ओढीला. त्यात मिस्त्रीने पेट्रोल घातलेलं नव्हतं. लेक दारात जाऊन धुक्यात बघू लागली.

"एवढ्या धुक्यात कोण निघालंय?"

"गिऱ्हाईक."

मिस्त्री तिच्या शेजारी जाऊन उभा राहिला. कान देऊन उभा राहिला, काम दिल्यावर कोणाही मिस्त्रीने उभं राहावं तसा. आवाज खाडीच्या तोंडाकडे गेला, बारीक झाला. एकही ठोका चुकला नाही.

लेकीने बॅग उचलली आणि शेडभर नजर फिरवली.

"काही राहिलं नाही ना, बाबा?"

"नाही," मिस्त्री म्हणाला. "फिटलं."